गहाळ, गुम की गहाण? इंदूरच्या एका घराच्या रजिस्ट्रीचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. नावं दिलेली नाहीत, कॉलनी सांगत नाही, घरातली काही वर्षं थोडी इकडेतिकडे केलीत. कायदे, ऑफिसची पद्धत आणि कागदावरची भाषा मात्र जशी आहे तशीच ठेवलीय. मी अर्ज, शपथपत्रं, नोटिसा तयार करून द्यायचं काम करतो. आमच्याकडे लोक घरी मराठी बोलतात, अर्ज हिंदीत लागतो आणि बँकेचं पत्र इंग्रजीत येतं, त्यामुळे एकाच कागदाला तीन ठिकाणी तीन नावं पडतात आणि घोळ बहुतेक तिथूनच सुरू होतो.

पार्श्वभूमी

घरातले वडील, त्यांना इथे काका म्हणू, सरकारी नोकरीत होते. 1986 मध्ये त्यांनी शहराच्या पश्चिमेला प्लॉट घेतला, तेव्हा तिकडे यायला रिक्षावाले कुरकुर करायचे म्हणे. प्लॉटची रीतसर रजिस्ट्री, म्हणजे नोंदवलेलं खरेदीखत, झाली. ज्यांनी विकला त्यांनी स्वतः तो 1971 मध्ये घेतला होता, तर ती जुनी रजिस्ट्रीपण त्यांनी काकांच्या हवाली केली. म्हणजे कागद दोन: 1971 ची आणि 1986 ची. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

1994 मध्ये घर बांधायला काकांनी एका गृहकर्ज कंपनीकडून लोन घेतलं, 2004 मध्ये फेडलं. 2019 ला काका गेले. मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे काकू आणि तीन मुलं, असे चौघं सारख्या हिश्शाचे वारस. थोरला इंदूरलाच, धाकटा बंगळूरला, ताई पुण्याला. काकांनंतर नगर निगमात काकूंच्या नावे नामांतरण झालं, संपत्ती कर त्यांच्या नावे, विजेचं बिल त्यांच्या नावे, म्हणून घरात सगळ्यांची समजूत अशी की कागदांचं काम झालेलं आहे. नामांतरण म्हणजे निगमाने कर कुणाकडून घ्यायचा त्याची नोंद, त्याने मालकी सिद्ध होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय, पण कराची पावती हातात असली की लोकांना घर हातात असल्यासारखं वाटतं. असो.

काकूंचे गुडघे गेले, जिना जमेना, लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. 2024 च्या पावसाळ्यानंतर घर विकायला काढलं. गिऱ्हाईक लगेच मिळालं, सौदा चिठ्ठी, म्हणजे विक्रीचा आधीचा लेखी करार, झाली, बयाणा आला.

अडचण

गिऱ्हाईक बँकेचं लोन घेणार होतं. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी यादी पाठवली: मूळ रजिस्ट्री, त्याआधीची मूळ रजिस्ट्री, पास झालेला नकाशा, कराच्या पावत्या, वारसांचे कागद. कपाट, ट्रंक, देवघराच्या खालचा ड्रॉवर, सगळं उलथं केलं. नकाशा मिळाला, पावत्या ढीगभर मिळाल्या, 1986 च्या रजिस्ट्रीची एक पिवळी पडलेली झेरॉक्स मिळाली. मूळ एकही नाही, आणि 1971 चं तर कुणाला नावही आठवत नव्हतं.

दलाल अनुभवी. त्याने काकूंच्याच सोफ्यावर बसून उपाय सांगितला, “भिया, टेंशन मत लो. थाने में गुम की सूचना डलवा दो, पेपर में जाहिर सूचना, एक शपथपत्र, रजिस्ट्रार से नकल, हो गया काम.” हे सगळे उपाय खरेच असतात, कागद खरोखर हरवला असेल तर हाच रस्ता. त्याने शपथपत्राचा मजकूरसुद्धा मोबाईलवर पाठवून दिला आणि तो टाईप करून घ्यायला थोरला माझ्याकडे आला.

त्यात वाक्य होतं, “उक्त मूल रजिस्ट्री मेरे आधिपत्य से कहीं गुम हो गई है.” ‘आधिपत्य’ म्हणजे इथे ताबा. सही करणार काकू.

मी विचारलं, दादा, ही रजिस्ट्री शेवटची कुणी पाहिली? तो म्हणाला बाबांकडे असणार. काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “मी तर कधी बघितलीच नाही रे, ह्यांच्या फायली मी हात लावायची नाही.” धाकट्याने नाही. ताईने नाही. मग जी वस्तू काकूंच्या हातात कधी आलीच नाही ती त्यांच्या ‘आधिपत्यातून’ गुम कशी होणार? आणि सही तर शपथेवर करायची. ते काम मी तिथेच थांबवलं. थोरला वैतागला, बयाण्याची मुदत चालू होती, त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

एका शब्दात किती गोष्टी

घरात त्या आठवड्यात जे शब्द फिरत होते ते मी मुद्दाम लिहून काढले, कारण सगळे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतोय असं त्यांना वाटत होतं आणि तसं अजिबात नव्हतं.

काकू म्हणायच्या, सापडत नाही. हे सगळ्यात प्रामाणिक. शोधलं, मिळालं नाही, यापलीकडे त्यात दावा काहीच नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या सरकारी उत्तरांत ‘मिळून येत नाही’ असं लिहितात ना, तोच प्रकार, ऐकायला टोलवाटोलवी वाटते पण कायद्याच्या नजरेने सावध वाक्य आहे.

धाकटा म्हणायचा, हरवली. म्हणजे होती, आपल्याकडेच होती, आणि आपल्याच हातून गेली. कुणाचा वाईट हेतू नाही.

ताई म्हणायची, गहाळ झाली. आता हा शब्द जरा वेगळा. गहाळ वस्तू सहसा कुणाच्या तरी ताब्यातून, कुणाच्या तरी जबाबदारीतून होते. म्हणूनच ‘छत्री गहाळ झाली’ असं आपण क्वचितच म्हणतो, पण ‘फाईल गहाळ’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणाच्या टेबलावरून? आणि ‘गहाळ झाली’ची ‘गहाळ केली’ झाली की सरळ आरोप. पुण्याच्या पेपरांत हा शब्द रोज दिसतो, ऑफिसातली नस्ती गहाळ, उत्तरपत्रिका गहाळ, असं.

थोरला आणि दलाल म्हणायचे, गुम. इंदूरच्या मराठीत आपण सर्रास ‘कागद गुमले’ म्हणतो, त्यात हरवणं, गहाळ होणं, सापडत नसणं, सगळं एकाच पोत्यात जातं. हिंदी अर्जातही तोच शब्द जातो. अडचण इथेच आहे, बोलताना हा शब्द सैल चालतो, शपथपत्रात चालत नाही.

आणि पाचवा शब्द कुणीच उच्चारला नव्हता, गहाण. एका अक्षराचा फरक! मूळ रजिस्ट्री बँकेकडे किंवा लोन कंपनीकडे ठेवून कर्ज घ्यायचं, याला संपत्ती हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 58 मध्ये स्वतंत्र जागा आहे, मालकीचे कागद जमा करून केलेलं गहाण. त्यात रजिस्ट्री कुठे जात नाही, फक्त दुसऱ्याच्या तिजोरीत असते, आणि लोन फिटलं तरी कुणी आणायला गेलं नाही तर तिथेच पडून राहते.

याशिवाय अजून एक जात आहे जी इथे लागू नव्हती पण इंदूरमध्ये रोज भेटते, कागद झालेलाच नसणं. अवैध कॉलन्यांत नोटरीवर लिहून प्लॉट विकलेले असतात, तिथला माणूसही म्हणतो “कागज नहीं हैं”. त्याचा कागद हरवलेला नाही, जन्मालाच आलेला नाही. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 प्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवावीच लागते, ती नोंद झाली नसेल तर रजिस्ट्रारकडे नकल काढायला तिथे काही नसतंच. अशा माणसाने गुमचं शपथपत्र केलं तर ते सुरुवातीपासूनच खोटं.

कायदापण हे सगळं एकत्र करत नाही. मूळ कागद नसताना त्याची नकल पुरावा म्हणून कधी चालेल, हे आधी साक्ष अधिनियम 1872 च्या कलम 65 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 60 मध्ये आहे. तिथे मूळ कागद दुसऱ्याच्या ताब्यात असणं हा एक प्रकार, आणि कागद नष्ट झाला किंवा हरवला हा वेगळा प्रकार. पहिल्यात साधारणपणे आधी त्या दुसऱ्याला नोटीस द्यावी लागते की बाबा कागद काढ. म्हणजे तुम्ही कुठला शब्द वापरता त्यावर पुढचा रस्ताच बदलतो.

समोरचे रस्ते

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर चौघं आणि मी, काकूंच्या घरी पोहे आले, आणि चार गोष्टींवर बोलणं झालं.

दलालाचा रस्ता सगळ्यात जलद होता. पण कागद कुठे कर्जात अडकलेला निघाला तर काकूंचं शपथपत्र खोटं ठरतं. खोटी शपथ पूर्वी आयपीसीच्या कलम 193 मध्ये यायची, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 मध्ये. 74 वर्षांच्या बाईच्या नावे ते कशाला ओढवून घ्यायचं. शिवाय बँकेच्या वकिलांना हाच संशय पहिला येतो. नकल कुणालाही मिळते, रजिस्ट्रारकडच्या बुक नंबर 1 मधल्या, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या दस्तांच्या, नोंदी फी भरून कोणीही बघू शकतो आणि प्रमाणित प्रत काढू शकतो. तेव्हा मूळ रजिस्ट्री एका सावकाराकडे ठेवून, ‘गुम झाली’ म्हणून नकल काढून दुसऱ्या बँकेकडून लोन घ्यायचं, ही जुनी फसवणूक आहे, आणि गुमची सूचना बघितली की वकील सगळ्यात आधी तोच विचार करतात.

धाकट्याची कल्पना वेगळी होती, आम्ही तिघं आईच्या नावे हक्कत्याग करतो, त्याची नवीन रजिस्ट्री होईल, तीच ओरिजिनल म्हणून दाखवू. ऐकायला हुशार आहे. पण हक्कत्यागाने फक्त वारसांमधला हिशेब साफ होतो, काकांना प्लॉट कुणाकडून आणि कसा आला हे त्यातून सिद्ध होत नाही. साखळीची मधली कडी नाहीच तर शेवटची चमकवून काय उपयोग.

तिसरा रस्ता रोखीने घेणारं गिऱ्हाईक शोधायचा. मिळतातही असे. पण ते भाव पाडून मागतात, आणि पुढे त्यांना विकायचं झालं की हाच त्रास त्यांना, मग ते काकूंच्या मुलांना फोन करणार.

चौथा, आधी कागद शोधायचा, म्हणजे कपाटात शोधायचं सोडून कागदाचा प्रवास शोधायचा. याला वेळ लागणार आणि बहुतेक बयाणा परत करावा लागणार हे मी स्पष्ट सांगितलं. थोरला याच्या विरोधात होता. मत बदललं ते ताईच्या एका वाक्याने. ती म्हणाली, “अरे पण बाबा दर महिन्याला चेक द्यायला जायचे ना कुठेतरी, मला शनिवारी स्कूटरवर घेऊन जायचे, तिथे एसी होता म्हणून मला आवडायचं.” काकूंना तेव्हा आठवलं की घर लोनवर बांधलेलं. इतकी वर्षं झाली, कर्ज फिटलं, घरातला तो विषयच संपला होता.

काय केलं

पहिलं काम, लोन कुणाचं होतं ते काढायचं. हल्ली बँका आणि लोन कंपन्या गहाणाची नोंद सरसाई नावाच्या केंद्रीय रजिस्टरमध्ये करतात, पण ते रजिस्टर सुरू झालं 2011 मध्ये. 2004 ला फिटलेलं लोन तिथे दिसणार नाही. थोरल्याने ऑनलाइन शोध घेतला, काही निघालं नाही, तो म्हणाला बघा, गहाण नाहीच आहे. नोंद नसणं आणि गहाण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी हे पटवायला मला अर्धा तास लागला.

मी सांगितलं घराची फाईल सोडा, काकांची इन्कम टॅक्सची फाईल काढा. नोकरदार माणूस, त्या काळात घराच्या लोनचं व्याज आणि मुद्दल दाखवून टॅक्स वाचवायचे, त्यासाठी कंपनीचं दरवर्षीचं सर्टिफिकेट ऑफिसात द्यावं लागायचं. सरकारी नोकरीत राहिलेला मनुष्य असली कार्बन कॉपी फेकत नाही. आणि तसंच झालं, सर्टिफिकेटं मिळाली, कंपनीचं नाव मिळालं, लोन खाते नंबर मिळाला, आणि त्यांच्याच मागे टाचलेलं 2004 चं एक पत्र: कर्ज पूर्ण फेडलेलं आहे, मूळ दस्तऐवज शाखेतून घेऊन जावेत. काकांनी ते का आणले नाहीत, ते घरात कुणालाच सांगता आलं नाही. त्या पावसाळ्यात त्यांची बदली जबलपूरला झालेली एवढं काकूंना आठवत होतं.

दलालाचा फोन येतच होता. थोरल्याने शेवटी गिऱ्हाइकाला घरी बोलावून खरं काय ते सांगितलं, दोन महिने थांबा म्हणाला. त्यांना मुलाच्या शाळेसाठी घर लवकर हवं होतं, ते थांबले नाहीत. बयाणा परत केला, सौदा चिठ्ठीवर दोघांनी रद्द लिहून सह्या केल्या. दलालाने मग काकूंकडे येणंच सोडलं.

‘उपलब्ध नाही’ म्हणजे काय

ती लोन कंपनी आता त्या नावाची राहिलेली नाही, दुसऱ्या मोठ्या संस्थेत मिसळली, शाखा हलली, लोक बदलले. काउंटरवरच्या मुलाचा जन्म बहुधा लोन मंजूर झाल्यानंतरचा. त्याने कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि म्हणाला, “अकाउंट क्लोज्ड दिखा रहा है, पेपर तो कस्टमर ले गए होंगे.” तोंडी. मी काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, तोंडी काही घ्यायचं नाही. मृत्यू प्रमाणपत्र, चौघा वारसांचं पत्र, 2004 च्या पत्राची कॉपी जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली.

उत्तर आलं, दोन ओळी: उपलब्ध अभिलेखांनुसार दस्तऐवज उपलब्ध नाहीत.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा माझ्या मते हीच. थोरला खूश झाला, म्हणाला चला, कंपनीनेच लिहून दिलं, आता गुमची सूचना टाकू. पण त्या ओळीत कंपनीने काय कबूल केलं? काहीच नाही. कागद आमच्याकडे आलेच नव्हते? आले होते आणि परत दिले? आले होते आणि आमच्याकडून गेले? ‘उपलब्ध नाही’ या दोन शब्दांत तिन्ही बसतं, आणि ज्याने लिहिलं त्याच्यावर एकाचीही जबाबदारी येत नाही. ते पत्र घेऊन पुढे गेलो असतो तर कागद काकांनीच नेले आणि घरच्यांनी हरवले असाच अर्थ निघाला असता.

म्हणून दुसरा अर्ज केला आणि त्यात प्रश्न मोजके ठेवले. लोन देताना जमा करून घेतलेल्या कागदांची यादी द्या. कागद परत दिले असतील तर ज्या रजिस्टरमध्ये काकांची सही आहे त्या पानाची कॉपी द्या. दिले नसतील तर ते कुठल्या स्टोअरमध्ये आहेत ते सांगा. यात आरोप कुठेही नाही, आवाज चढवलेला नाही. पण सहीचं पान मागितल्यावर ‘कस्टमर ले गए होंगे’ हे वाक्य लेखी येऊ शकत नाही.

मध्येच धाकट्याने व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेच्या नियमाची बातमी पाठवली आणि रोजचे 5,000 रुपये मागा म्हणून मागे लागला. नियम खरा आहे. 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक, लोन पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांच्या आत मूळ कागद परत करायचे, उशीर संस्थेच्या चुकीने झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद संस्थेकडून हरवले किंवा खराब झाले तर प्रमाणित प्रती काढायला तिने मदत करायची, खर्च तिने सोसायचा, त्यासाठी अजून 30 दिवस मिळतात. कर्जदार वारला तर वारसांना कागद कसे देणार याची पद्धत ठरवून वेबसाईटवर लावायची, हेही त्यातच. पण हा नियम लागतो 1 डिसेंबर 2023 पासून पुढे ज्यांचे कागद देणं लागतं त्यांना. 2004 चं लोन त्यात सरळ बसत नाही. 20 वर्षांच्या दिवसांना पाच हजारांनी गुणून धाकट्याने आकडा काढलेलाच होता, तो अर्जात घालू दिला नाही. समोरच्याला नियम लागू नाही एवढं लिहून मोकळं व्हायची संधी आपणच का द्यायची. वारसांची पद्धत काय आहे तेवढं मात्र विचारलं.

दुसऱ्या अर्जाला वेळ लागला, पण उत्तर वेगळ्या टेबलावरून आलं. जुन्या फायली दुसऱ्या शहरातल्या स्टोअरमध्ये ठेवलेल्या, तिथून पाकीट आलं. काकू स्वतः गेल्या घ्यायला, साडी नेसून, बँकेत जाताना नेसतात तशी. पाकिटावर काकांचं नाव, आत जमा केलेल्या कागदांची यादी काकांच्या सहीची, आणि 1986 ची मूळ रजिस्ट्री, जशी दिली तशी.

यादीत दुसऱ्या नंबरला 1971 ची मूळ रजिस्ट्री लिहिलेली होती. पाकिटात ती नव्हती.

उरलेला एक कागद

आता खरा शब्द वापरायची वेळ आली. यादी सांगते कागद कंपनीकडे गेला, परत दिल्याची सही कुठे नाही, पाकिटात तो नाही. हा झाला गहाळ, आणि तोही कंपनीच्या ताब्यातून. काकूंनी ‘मेरे आधिपत्य से’ लिहायचा प्रश्नच नाही.

कंपनीने पत्राचा जो मसुदा दाखवला त्यात परत तेच, दस्तऐवज उपलब्ध नाही. आम्ही दुरुस्ती सुचवली: अमुक तारखेच्या यादीप्रमाणे हा दस्तऐवज आमच्याकडे जमा होता, कर्जदाराला परत दिल्याची नोंद नाही, आमच्या अभिरक्षेत शोध घेतला असता तो मिळून आलेला नाही, आणि या दस्तऐवजावर आमचा कोणताही बोजा उरलेला नाही. ‘गुम’ शब्द घालायला त्यांचा लीगलवाला तयार नव्हता, मीही हट्ट धरला नाही, कारण पहिली दोन वाक्यं मिळाली की शेवटचा शब्द कुठला आहे याने बँकेच्या वकिलाला फरक पडत नाही. ताईला मात्र ते पटलं नाही, तिला ‘गहाळ’ हाच शब्द पाहिजे होता, आणि तिच्या बाजूनेही बोलता येतं. पण चार वाक्यं आज मिळत होती, एका शब्दासाठी ती लांबवण्यात मला अर्थ दिसत नव्हता.

पोलीस थाण्यातली सूचना कंपनीच्या अधिकाऱ्याने दिली, काकूंनी नाही. पेपरातली जाहीर सूचना मात्र वारसांच्या वतीने गेली, वकिलामार्फत, त्यातही कागद कुणाच्या ताब्यात असताना मिळेनासा झाला ते लिहिलं. मुदतीत कुणाची हरकत आली नाही. 1971 च्या नोंदीची प्रमाणित प्रत रजिस्ट्रार ऑफिसातून काढली. मध्य प्रदेशात ई-रजिस्ट्री 2015 ची, त्याआधीचं सगळं जाड बुकांत. नंबर माहीत नसला की विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावाने इंडेक्स बघावा लागतो. इथे 1986 च्या मूळ रजिस्ट्रीतच जुन्या रजिस्ट्रीचा नंबर आणि तारीख लिहिलेली होती म्हणून काम सोपं झालं. गंमत म्हणजे घरातल्या पिवळ्या झेरॉक्समध्ये नेमकं तेच पान अर्धवट आलेलं होतं.

निकाल

2025 च्या उन्हाळ्यात घर विकलं गेलं. घेणारे दुसरे, शेजारच्यांच्या नात्यातले, त्यांचंही बँकेचंच लोन. भाव पहिल्या सौद्यापेक्षा थोडा कमी आला. नव्या बँकेच्या वकिलांनी मूळ 1986, प्रमाणित 1971, कंपनीचं पत्र, थाण्याची सूचना, पेपरचं कात्रण आणि चौघांचं शपथपत्र घेतलं. त्या शपथपत्रात काकूंचं वाक्य होतं, 1971 ची मूळ रजिस्ट्री मी कधीही पाहिलेली नाही आणि ती माझ्या ताब्यात कधी नव्हती. वकिलांनी एकच प्रश्न विचारला, यादीवरची सही पतीचीच ना? काकूंनी पेन्शनच्या कागदावरची सही दाखवली.

वेगळं काय करता आलं असतं

काका गेल्यानंतर नामांतरणाच्या वेळीच मूळ रजिस्ट्री बघायला हवी होती. तेव्हा घाई नव्हती, बयाणा नव्हता, सहा महिने लागले असते तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. आमच्याकडे येणारी बहुतेक घरं मात्र गिऱ्हाईक दारात आल्यावरच कपाट उघडतात.

सौदा चिठ्ठी करण्याआधी मूळ कागद हातात आहेत का हे दलालाने विचारलं नाही, घरच्यांनीही सांगितलं नाही. चिठ्ठीत ‘मूळ दस्तऐवज मिळेपर्यंत मुदत वाढेल’ एवढी एक ओळ असती तर पहिलं गिऱ्हाईक कदाचित टिकलं असतं, निदान बोलायला जागा राहिली असती.

कंपनीला पहिल्याच अर्जात जमा-यादी आणि सहीचं पान मागायला हवं होतं का, यावर थोरल्याचं आणि माझं एकमत नाही. तो म्हणतो दीड महिना वाचला असता. माझं म्हणणं, पहिल्याच पत्रात रजिस्टरं मागितली की समोरचा सरळ लीगलकडे पाठवतो आणि मग फाईल तिथेच बसते. पहिलं पत्र साधं, दुसरं नेमकं, अशी माझी पद्धत आहे, पण घाई खरी असेल तर त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही.

हक्कत्यागाची कल्पना पुढे परत निघाली, वेगळ्या कारणाने. ताई आणि धाकटा विक्रीच्या रजिस्ट्रीला येऊ शकणार नव्हते, तेव्हा मुखत्यारनामा करायचा की हक्कत्याग, असा विचार झाला. ताईने मुखत्यारनामा केला, आपला हिस्सा सोडला नाही, आणि घरात त्यावरून कुणी तोंड वाकडं केलं नाही हे मला बरं वाटलं.

प्रमाणित प्रत आणि पेपरातली सूचना, यांचा खर्च कंपनीने द्यावा असं पत्र काकूंच्या सहीने गेलंय. उत्तर आलं, प्रकरण विचाराधीन आहे. धाकट्याने त्याला परत रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची लिंक जोडून पाठवलीय, मला न विचारता.